डावा कौल

आमच्या गावात अजून त्या गुरवाचा विषय निघाला की लोक हसतात. "डोसकं फिरलेलं व्हतं त्येचं," असं म्हणतात आणि दुसऱ्या गप्पांना लागतात. मला हसू येत नाही. संताप येतो. हसणाऱ्यांचा तर येतोच, पण खरं सांगते, त्या माणसाचाही येतो, आणि तो इतक्या वर्षांनंतरही कमी झालेला नाही. ज्या दिवशी मला कुणीतरी दोन शब्द धीराचे बोलावेत म्हणून माझा जीव कासावीस झाला होता, त्या दिवशी तो माझ्याशी जसा वागला तसा एखादा वैरीसुद्धा वागला नसता.

गाव पलूसच्या अलीकडचं, माझ्या सासरचं. ओढ्याच्या काठाला भैरोबाचं देऊळ, आणि देवळाची पूजा पिढ्यान्पिढ्या ह्या गुरवाच्या घरात. आम्ही सगळे त्याला तात्या म्हणायचो. पूजा, नैवेद्य, सांजेचा नगारा ही त्याची कामं होतीच, पण गावाला त्याची खरी गरज लागायची ती कौलासाठी. ज्यांनी कौल पाहिला नसेल त्यांना सांगते. देवाच्या छातीवर उजव्या अंगाला एक आणि डाव्या अंगाला एक अशा ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, मनातला सवाल बोलायचा आणि हात जोडून उभं राहायचं. आधी उजवी पाकळी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नको म्हणाला. उजवा कौल, डावा कौल. इतकं साधं काम.

पण ह्या साध्या कामानं अख्ख्या गावाचा कणा मोडून ठेवला होता, असं मी आज म्हणते आणि तात्या तेव्हा म्हणायचा. शाळू कधी पेरायचा, विचार देवाला. म्हैस घ्यायची का, विचार देवाला. पोरगं पलटणीत घालायचं का, पोरीला अमक्या गावी द्यायची का, वाटणी मागायची का, घराचं दार पूर्वेला करायचं का, सगळं देवाला. बाईमाणसानं काही मागितलं की मग तर हमखास. तोंडावर "नको" म्हणायची हिंमत नसलेला पुरुष मोठ्या भक्तिभावानं म्हणायचा, "देवाला इचारू." मला त्या दोन शब्दांची जितकी चीड आहे तितकी कुठल्या शिवीचीही नाही.

तात्याला ती माझ्याहून जास्त होती. त्याचंच पोट त्यावर चालायचं, आणि तोच कौल लावायला आलेल्या माणसावर वसावसा ओरडायचा. उंचेला, काळासावळा, आवाज नगाऱ्यासारखा. ओलेत्यानं गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उभा राहून तो आलेल्याला आधी दहा प्रश्न विचारी. घरात कुणाशी बोललास का? जमीन बघितलीस का? पोरीला इचारलंस का? आणि एवढं करून वर म्हणे, "तुजी तुला अक्कल दिलीय ती काय खुंटीला टांगाय?" माणूस गप्प उभा राहिला की मग चरफडत पाकळ्या ओल्या करायला घेई. देवालाही तो सोडत नसे. "बस गा भैरोबा, बस," असं मूर्तीला म्हणायचा, "आज ह्येला म्हशीचं शिंग कसं पायजे त्ये सांग."

लोकांची त्याच्याबद्दल सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळीच होती. पाकळी किती ओली करायची, कशी दाबायची हे गुरवाच्या हातात असतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून लोक आदल्या दिवशी त्याच्याकडे नारळ, गुळाची ढेप, एखादा कोंबडा पोचवायचे आणि कौल कुठल्या अंगाला पडला तर बरं ते सुचवायचे. तात्या सगळं ठेवून घ्यायचा. नारळ फोडून खायचा, कोंबड्याचं कालवण करायचा, आणि दुसऱ्या दिवशी पाकळ्या अगदी सारख्या लावायचा. पडेल ती पडेल. गावकरी चिडून लाल व्हायचे. "आवं तात्या, कोंबडा खाल्लासा की!" असं कुणी म्हटलं की तो म्हणे, "खाल्ला. लय बेस व्हता." ह्यावर भांडायचं तरी कसं? चावडीवर बसून लोक म्हणायचे, लाच खाणारा माणूस आम्ही समजू शकतो, पण लाच खाऊन काम न करणारा म्हणजे धर्म बुडाला.

दुसरा घोटाळा उजव्या-डाव्याचा. उजवा म्हणजे देवाचा उजवा. देव आपल्याकडे तोंड करून बसलेला, म्हणजे त्याचा उजवा तो आपला डावा. हे तात्या दर वेळी दाराशी ओरडून सांगायचा, तरी लोक चुकायचे. वरच्या आळीतल्या एकानं असाच आपला उजवा धरला आणि तात्या हाक मारेपर्यंत घरी जाऊन पोराच्या लग्नाची सुपारीसुद्धा फोडली. देवानं स्वच्छ नको म्हटलेली ती सून एवढी गुणाची निघाली की सासऱ्याच्या म्हातारपणाचं सोनं झालं. आता माणसं ह्यावरून काही शिकतील की नाही? गावानं निकाल काय काढला, तर त्या दिवशी भैरोबानं भक्तासाठी तोंड फिरवलं होतं! तात्यानं हे ऐकलं आणि त्या दिवशी सांजेचा नगारा फुटेस्तोवर बडवला.

आमच्या शेजारचा एक शेतकरी दर उन्हाळ्यात विहीर काढू का म्हणून कौल लावायला यायचा. एकदा उजवा पडला. म्हणाला, "पुन्यांदा लावा, खात्री करू." पुन्हा उजवा. "बघू आता," म्हणून घरी गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात परत आला. त्या वेळी तात्यानं पाकळ्यांचं तबक त्याच्या अंगावर फेकलं. गाभाऱ्याला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला लावून दिवसभर ओढ्यात पाय सोडून बसला. "देव हो म्हणून म्हणून दमला, आन ह्यो भडव्या बघू म्हणतोय," हे त्याचं ओरडणं आमच्या परड्यापर्यंत ऐकू येत होतं. पाटलांनी माणूस पाठवला तेव्हा सांजेला कुलूप उघडलं.

स्वतः हा माणूस कसा होता? पन्नाशीला आल्यावर सायकल शिकला. कुणाची तरी सायकल मागून आणली, पाणंदीतून निघाला आणि दोन्ही बाजूंच्या उसात आळीपाळीनं पडला. गुडघ्यांना चिंध्या बांधून पूजा करायचा. "गुरवानं सायकलीवर बसावं काय?" असं म्हाताऱ्यांनी विचारलं. "मग काय सायकलीनं गुरवावर बसावं?" असं म्हणून हा पुन्हा पाणंदीला. त्याच्या बायकोनं कपाळावर हात मारून घेतलेला मी स्वतः पाहिलाय. त्या माउलीनं ह्या माणसापायी काय काय सोसलं ते कुणी लिहीत नाही.

आता माझं सांगते. माझा नवरा पलटणीत होता. मोठ्या लढाईत समुद्रापलीकडे गेला आणि तिथंच राहिला. तार आली तेव्हा मी अठरा वर्षांची होते. मूलबाळ नव्हतं. माहेरी मराठी सात इयत्ता झाल्या होत्या, त्याचा सासरी उपयोग एवढाच की पलटणीतून येणारं पत्र वाचायला दुसरीकडे जावं लागत नसे, आणि आता तर पत्रंही बंद झाली. राहिली मी आणि भांगलण, खुरपणी, शेणगोठा. मामंजी वाईट नव्हते. पण दोन हात आहेत, ते कामाला आहेत, ह्यापलीकडे माझ्याकडे कधी कुणी पाहिलं नाही. आयुष्यभर हेच, असं मी मनाशी म्हणायचे.

लढाई संपल्यावर वर्षभरानं आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, डोळ्यात मोतीबिंदू पिकला. चुलीपुढं त्या धडपडायला लागल्या, तेव्हा मामंजींनी त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. सोबतीला मी. तिथं आत्याबाईंचं करता करता मी शेजारच्या खाटांवरच्या बायकांचंही करू लागले. पट्ट्या गुंडाळू लागले, थर्मामीटर वाचू लागले. तिथल्या मोठ्या सिस्टर एकदा मला म्हणाल्या, "इथं शिकायला राहतेस का? नर्स होशील." माझ्याकडे बघून कुणी काही विचारलं, ही गोष्टच मला नवी होती. गावी परत येईपर्यंत दुसरं काही सुचत नव्हतं.

मामंजींना विचारलं. त्यांनी पटक्याचं टोक चाचपलं आणि म्हणाले, "देवाला इचारू."

मला ठाऊक होतं की हे "नको" आहे. तरी मी आशा धरली. आदल्या सांजेला देवळामागं तात्याला गाठलं. नारळ नेला नव्हता, त्याचा उपयोग नसतो हे माहीत होतं. म्हटलं, "तात्या, तुमी एकलेच ह्या गावात माझं समजून घ्याल. उद्या उजवा पडू द्या. एकदाच. जरा डावी पाकळी जास्त ओली करा, म्हंजी ती चिकटून ऱ्हाईल." तो वाकून समई घासत होता. वर बघितलंही नाही. म्हणाला, "न्हाई जमायचं."

"आवं पण तुमीच म्हणता की देवाला इचारणं खोटं हाय म्हणून!"

"त्ये खोटं हाय म्हणून मी खोटं करू व्हय?" तो म्हणाला आणि घासत राहिला. मी रडत घरी आले.

दुसऱ्या दिवशी देवळात मामंजी, मी, तात्या आणि कौल बघायला जमलेली दहा-पंधरा रिकामटेकडी माणसं. विधवा बाई म्हणून मी सभामंडपात खांबाजवळ उभी. मामंजींनी सवाल बोलला. तात्यानं पाकळ्या लावल्या. सारख्या ओल्या, सारख्या दाबलेल्या, मी नीट बघत होते. थोड्या वेळानं एक पाकळी सरकली आणि खाली पडली.

"डावा," मामंजी म्हणाले. त्यांच्या आवाजात जी सुटका होती ती अजून माझ्या कानात आहे. एवढं ओझं हलकं झालं त्यांचं! सुनेचं आयुष्य मोडलं आणि हात मात्र कुणाचेच रक्तानं भरले नाहीत.

मला काय झालं कळलं नाही. मी खांब सोडून पुढं आले आणि मोठ्यानं म्हणाले, "माझ्या उजव्या हाताला पडलीय. त्या वरच्या आळीतल्या बाबाला चाललं, त्येची सून घरात आली, मग मला का न्हाई? देवानं माझ्यासाठी तोंड फिरवलं आसंल."

लोक चपापले. एकजण हसला. मामंजी तात्याकडे वळले. "तात्या, तुमी सांगा." मीही तात्याकडेच बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. जन्मभर ज्याच्यावर ओरडला ते समोर उघडं पडलंय, आता तरी माझी बाजू घेईल.

तात्या म्हणाला, "डावाच हाय. पोरी, लबाडी करू नगंस."

त्या क्षणी समई उचलून त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. अजून वाटतं. काय गेलं असतं त्याचं? एक शब्द, एका दुःखी पोरीसाठी एक खोटा शब्द! मी मागं वळले. तेवढ्यात मागून त्याचा आवाज आला, "आन जाणार कवा?"

मी थांबले. मामंजी म्हणाले, "जाणार कुठली? डावा पडलाय."

"पडला की. देवानं नको म्हटलं, तिनं ऐकलं. आता तिला जायाचं आसंल तर डाव्यावर जाईल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "उजव्यावर कुणीबी जातंय गं."

देवळात जो गलका उठला तो मी सांगू शकत नाही. गुरवच म्हणतोय कौल मोडा! कुणी त्याला शिव्या घातल्या, कुणी देवापुढं नाक घासलं. मामंजींनी मला हाताला धरून घरी आणलं आणि ओसरीवर उभं करून म्हणाले, "डाव्यावर गेलीस तर ह्या दारात परत यायचं न्हाई. काय बरं-वाईट झालं तर आमी जबाबदार न्हाई."

तेव्हा आत्याबाई आतून बाहेर आल्या. ह्या बाईनं नवऱ्यापुढं आवाज चढवलेला मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. म्हणाल्या, "माजा डोळा कापाय मिरजंला नेलासा, तवा कौल कुटं लावला व्हता?" मामंजी पटक्याचं टोक चाचपू लागले. "तवा भाकऱ्या जळत व्हत्या. तवा देव कुणाला आटवला न्हाई." एवढं बोलून त्या परत चुलीकडे गेल्या. मामंजींनी तरी शब्द मागं घेतला नाही.

मी गेले. शूर होते म्हणून गेले असं कुणी समजू नये. गाडीत बायकांच्या डब्यात बसले आणि गाडीनं पहिला हिसका दिला तेव्हा वाटलं, हाच तो डावा, आता काहीतरी होणार. उजवा कौल असता तर निम्मी भीती मी भैरोबाच्या गळ्यात घातली असती. आता सगळी माझ्याच पदरात. दवाखान्यात पहिल्या महिन्यात रक्त बघून भोवळ आली, काचेची पिचकारी हातातून पडून फुटली, मोठ्या सिस्टर ओरडल्या. रात्री अंथरुणात तोंड खुपसून मी तात्याला शिव्या मोजत होते. उजव्यावर आले असते आणि असं झालं असतं तर देव चुकला म्हणून रडत घरी गेले असते. पण घराचं दार बंद होतं आणि देवानं तर आधीच नको म्हटलं होतं. राहिले. पुढं भोवळ यायची थांबली.

इकडे गावानं तात्याचं काय केलं ते मला पुढं आत्याबाई डोळा दाखवायला मिरजेला आल्या तेव्हा त्यांच्याकडून कळलं. चावडीवर बैठक बसली. गुरवच कौल मानत नसेल तर देवाला कोण मानणार, हा मुद्दा. खरा मुद्दा सगळ्यांना ठाऊक होता. आपापल्या घरातल्या सुना, लेकी, धाकटे भाऊ उद्या डाव्यावर निघाले तर काय करायचं, ही धास्ती. तात्याला सांगितलं, माफी माग. तो मागेना. मग पूजा त्याच्या चुलतभावाकडे दिली. तो भाऊ फार गोड माणूस. नारळ घेतो आणि सांगाल तो कौल पाडतो. गाव खूश आहे. कुणाच्या घरात मनाविरुद्ध काही होऊ घातलं की तो नारळ घेऊन जातो आणि देवाचा नकार घेऊन येतो. ह्याला हे लोक धर्म म्हणतात, आणि तात्याला वेडा म्हणतात!

शिक्षण संपत आलं होतं त्या साली एकदा सामान आणायला आम्हा दोघीतिघींना सांगलीला पाठवलं. पेठेतून चाललो होतो तर समोरून लग्नाची वरात आली. पुढं बँड. तांबडे कोट, सोनेरी पट्ट्या. आणि सगळ्यात मागच्या रांगेत, पोटावर गुंड्या तटतटलेल्या कोटात, गाल फुगवून क्लॅरिनेट वाजवणारा तात्या! वाजवत काय होता, कोकलत होता. बँडचे मालक, मिरजेकडचे एक मुसलमान उस्ताद, दर दोन पावलांवर मागं वळून त्याला डोळे वटारत होते.

वरात नवरीच्या दाराशी थांबली तेव्हा मी त्याला गाठलं. इतक्या दिवसांचा राग होता, पण त्या कोटात त्याला बघून सगळा गावावर वळला. म्हटलं, "तात्या, काय दशा केली हो त्या लोकांनी तुमची! माझ्यापायी तुमचं देऊळ गेलं. पिढ्यान्पिढ्यांची पूजा गेली."

तात्यानं क्लॅरिनेटमधली थुंकी झटकली आणि असा काही भडकला की वऱ्हाडी वळून बघायला लागले.

"तुज्यापायी? तू कोण गं लागून गेलीस? माफी माग म्हणले, मी न्हाई मागितली. मी! चुलतभावाच्या हातात किल्ली म्या माज्या हातानं दिली. बायकू म्हणाली, खाणार काय, तर मला ठावं नव्हतं. ह्या वयात ही पिपाणी घिऊन उस्तादाच्या शिव्या खातोय. जल्मात येवढी एकच गोष्ट म्या माज्या मनानं केली, आन तू ती तुज्या नावावर घालतीस व्हय?"

मी काही बोलणार तोच उस्तादांनी हाक मारली, "अरे ओ गुरव, चलो!" तात्या धावत रांगेत गेला, गाल फुगवले आणि सगळ्यांच्या आधी सुरू झाला. मी पांढऱ्या साडीत, पेठेच्या मध्यात, रागानं लाल होऊन उभी होते. मी शिकले की नाही, हेसुद्धा त्यानं विचारलं नाही.